वाटणीनंतर

सीत्सेने फोनवर सांगितलं, आवाज बसलाय.
कुणाचा, विचारलं तर म्हणाला, स्पीकरचा.
मी मोजपट्टी, मायक्रोफोन आणि सुटी वायर घेऊन निघालो.
(डाव्या कानाने मला कमी ऐकू येतं.
दुकानात अजून कुणाला सांगितलेलं नाही.)

ग्रोनिंगनमधली ही कालव्याकाठची घरं,
जिना इतका अरुंद
की जड सामान खिडकीतूनच येतं-जातं,
वर आढ्याला आकडा, आकड्याला दोर.
ते स्पीकर मीच चढवले होते, अकरा वर्षांपूर्वी,
एकेक एकसष्ट किलोचा, अक्रोडी,
आणि हिल्त्ये खाली फुटपाथवरून ओरडत होती,
डावीकडे, अहो, डावीकडे!

आता खोलीत डावं-उजवं कळावं असं काही उरलेलं नाही.
गालिचा गेला. पुस्तकांची अख्खी भिंत गेली.
मी टाळी वाजवली.
ती परत आली. पुन्हा आली.
दार लावलं तरी न हटणाऱ्या विक्रेत्यासारखी.

अँप्लिफायर नवीन, व्हॉल्व्हचा, आठ वॅटचा,
काचेत निखारे फुंकून ठेवल्यासारखा.
देखणा आहे, मी म्हटलं. आणि ते खरं होतं.
पण हे स्पीकर खादाड.
कागदावर चार ओहम लिहिलंय, उतरतात तिनाच्याही खाली,
आणि उतरतात ते नेमके खर्जात,
जिथे नुसत्या वॅटनी भागत नाही, करंट लागतो.
तिथवर पोचेतो हा बिचारा धापा टाकतो
आणि डबल बासची लापशी होते.

दुकानात छान वाजत होता, सीत्से म्हणाला.
दुकानात सगळंच छान वाजतं.
दुकानात जाड पडदे असतात
आणि समोर दुसऱ्या कुणाचे तरी स्पीकर.

जुना अँप्लिफायर कुठे गेला, मी विचारलं नाही.
मागच्या मंगळवारी त्याच्याच पाठीवरची धूळ पुसत होतो,
शहराबाहेर, नवव्या मजल्यावर.
गालिचा तिथे. पुस्तकं तिथे.
आणि कोपऱ्यात तो, अडतीस किलोचा, अडीचशे वॅटचा,
वहीएवढ्या दोन स्पीकरना
हाताला धरून रस्ता ओलांडून देत होता.
हिल्त्येने बटण कधी नवाच्या पुढे नेलेलं नाही.
पूर्वीसारखा गरम होत नाही हो हा, ती म्हणाली,
आजारी तर नाही ना?
मी म्हटलं, नाही. काम कमी आहे त्याला.
खोली मात्र सुरेख.
चुटकी वाजवली तर चुटकीच ऐकू येते.

वाटणी वकिलाने केली, किमती बघून.
पावतीवर दोन्ही आकडे जवळपास सारखे होते,
म्हणून एक याला, एक तिला.
खोलीची पावती नव्हती.

माझं काम सेंटिमीटरचं.
स्पीकर भिंतीपासून बहात्तर पुढे ओढले,
जरासे आत वळवले.
चार मीटर बाय चार मीटर, चौरस खोली, याहून वाईट काही नाही,
त्रेचाळीस हर्ट्झ दोन्हीकडून एकदमच उभा राहतो
आणि बसा म्हटलं तरी बसत नाही.
झोपायच्या खोलीतली गादी आणून कोपऱ्यात टेकवली.
डबल बेडची होती, दोघांनी मिळून उचलली.
पडद्यावर फरक दिसला: दीड डेसिबल.

त्याने चेलोची तबकडी लावली.
आम्ही बराच वेळ ऐकलं. बरं वाजत होतं.
आधीपेक्षा बरं, एवढंच.
बिल लिहायला मी वही उघडली,
मागचं पान त्याला दिसलं असावं.

तिकडे कसा वाजतो? त्याने विचारलं,
तबकडीकडेच बघत.

मी स्क्रूड्रायव्हर शोधू लागलो.
म्हटलं, काय म्हणालात? या कानाने मला जरा कमी येतं.

तो माझ्या उजवीकडे बसला होता.